नाताळचे ताट

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘लहानपणचा ख्रिसमस’ या विषयावर काही लिहून द्यावे, असे संपादक समितीने आम्हांस कळविले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा की, आमच्या लहानपणी ख्रिसमस नव्हताच. होता तो नाताळ. ‘ख्रिसमस’ हा शब्द आम्ही प्रथम शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात वाचला, आणि त्या धड्यातील बर्फ, घसरगाडी व लाल डगल्यातील म्हातारा यांचा आमच्या घरच्या नाताळशी काही संबंध असावा, अशी शंकादेखील त्या वयात आली नाही.

कलकत्त्याचे नाव २००१ साली कोलकाता झाले खरे, परंतु आमच्या जिभेचे वळण जुनेच राहिले आहे. या शहरात डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात पार्क स्ट्रीटवर दिव्यांची आरास होते, न्यू मार्केटात केकसाठी रांगा लागतात आणि आमचे बंगाली शेजारी धर्माचा विचार न करता ‘बडोदिन’ साजरा करतात. आमची मुले या आराशीत वाढली. नाताळ म्हटला की त्यांना केक आठवतो. आम्हांस आठवते ती सोऱ्यातून तेलात पडणारी चकली, आणि पाठोपाठ ‘हात लावू नका रे, अजून प्रार्थना व्हायची आहे’ असा आजीचा आवाज. या दोन आठवणींमध्ये जे अंतर आहे, त्याचा थोडा इतिहास सांगावा असा विचार आहे. बी.ए.ला इतिहास हा विषय घेतला होता, एवढाच आमचा त्या शास्त्राशी संबंध. पुढील तीस वर्षे सरकारी फायलींत गेली. तरी जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हे सांगण्यास एक जुने निमित्तही आहे. १९९९ साली बदलीवर आम्ही प्रथम या शहरात आलो. परमुलखात मराठी माणूस पहिल्याने जेथे जातो तेथेच, म्हणजे मंडळाच्या गणेशोत्सवात, आम्हीही गेलो. एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी आपुलकीने जवळ बसवून घेतले. नाव विचारले, जिल्हा विचारला, गाव विचारले. नाव ऐकून ते क्षणभर घोटाळले आणि म्हणाले, “म्हणजे आपण मराठी की ख्रिस्ती?” प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरोखरीच हे जाणून घ्यावयाचे होते. आम्ही काहीतरी हसून उत्तर दिले आणि प्रसाद घेऊन घरी आलो. परंतु तो ‘की’ हा एकाक्षरी शब्द पुढे कित्येक दिवस आमच्या कानात राहिला.

आमचे गाव नगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्यातील. नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु या लेखातील काळ जुना असल्याने येथे नगरच म्हणू. नेवाशाचे नाव घेताच वाचकांस ज्ञानेश्वरी आठवेल. १२९० साली ती तेथेच सांगितली गेली. त्याच तालुक्यात वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांचे आजोबा १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले, असे घरात सांगत. ‘दुष्काळात ख्रिस्ती झालेले’ हे शब्द आम्ही टोमणा म्हणूनही ऐकले आहेत. ज्या माणसाला दुष्काळापूर्वीही गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याने दुष्काळात कोणता दरवाजा ठोठवावयास हवा होता, हे मात्र टोमणा मारणारे कधी सांगत नाहीत. असो.

मिशन म्हटले की लोकांस वाटते, साहेबाने सण आणला आणि आमच्या पूर्वजांनी तो उचलला. आम्हांसही बरीच वर्षे तसेच वाटे. पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की, प्रकरण जवळजवळ उलटे आहे. अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात निघाली. तो मुलूख प्युरिटन लोकांचा. बायबलात तारीख दिलेली नाही, सबब पंचवीस डिसेंबर पाळणे हा मनुष्यांनी घुसडलेला प्रकार आहे, अशी त्या लोकांची ठाम समजूत होती. १६५९ साली तेथे नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. तो १६८१ मध्ये उठला, पण मनातील अढी उठली नाही. त्या प्रांतात नाताळची कायदेशीर सुटी सुरू झाली ती १८५६ साली, म्हणजे नगरास मिशन येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर! मुंबई-पुण्याकडे ज्या स्कॉटिश मिशनचे मोठे काम झाले, त्या स्कॉटलंडात तर ही सार्वजनिक सुटी १९५८ पर्यंत नव्हती. थोडक्यात, मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज ज्यांच्या हाताखाली वाढला, त्या दोन्ही मिशनांच्या घरच्या परंपरेत नाताळचे कौतुक नव्हते. पुढे इंग्लंडच्या चर्चचे लोक व कॅथलिक पाद्री नगर जिल्ह्यात आले. ते नाताळ थाटाने पाळीत आणि त्यांचाही परिणाम झालाच असेल. काळाबरोबर अमेरिकन लोकही निवळले. तरीदेखील आमच्या घरी जो सण होता, त्यातील करंजी, कंदील, कीर्तन आणि ताट यांपैकी एकही वस्तू बोस्टनहून आलेली नव्हती. ती आमच्याच माणसांनी आपल्या हातांनी घडविलेली होती, असे आमचे मत झाले आहे.

शब्दाचेच पाहा. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’. तो कोकणकिनाऱ्यावरून वर देशावर चढला. बटाटा, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला. पोर्तुगीजांच्या धर्माशी हाडवैर असलेल्या अमेरिकन मिशनरींच्या मंडळ्यांनीही तो शब्द निमूटपणे स्वीकारला, कारण लोकांच्या तोंडी तोच होता.

आता त्या दिवसांकडे वळतो. काळ १९७० च्या दशकातला. वडील नगरास नोकरीला होते. ख्रिस्त गल्लीत आमचे बिऱ्हाड असे. परंतु नाताळास गावीच जावयाचे, हा नियम. आजोबा आम्ही फार लहान असताना वारले होते. घर आजीच्या सत्तेखाली होते. डिसेंबरात त्या भागात कडाक्याची थंडी पडते, शिवारात ज्वारी हुरड्याला येते आणि पहाटे चुलीपुढची जागा मिळविण्यासाठी आम्हा भावंडांत भांडणे होत.

फराळ वीस तारखेला सुरू होई. करंज्या एकटीने करावयाच्या नसतात, हे आजीचे शास्त्र. शेजारच्या चारपाच बायका पोळपाट-लाटणी घेऊन येत. त्यांत सगळ्याच ख्रिस्ती नसत. कोणी साटा लावी, कोणी सारण भरी, कोणी कातणे फिरवी. तोंडे अर्थातच कामात नसत, ती गावच्या बातम्यांत असत. दीड महिन्यापूर्वी याच बायकांच्या घरी दिवाळीच्या करंज्या करावयास आजी गेलेली असे. लाडू, शंकरपाळे, चिवडा, चकल्या असा सगळा दिवाळीचाच संसार दुसऱ्यांदा मांडला जाई. दोन फराळांत फरक काय, असे आम्ही एकदा आजीस विचारले होते. ती म्हणाली, “दिवाळीचा आपण खायचा, नाताळचा आपण द्यायचा.”

कंदिलाचे काम वडिलांकडे. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून पाच टोकांची चांदणी करावयाची, तिला लाल व पिवळा पतंगी कागद पिठाच्या खळीने चिकटवावयाचा आणि आत मेणबत्ती. दिवाळीच्या आकाशकंदिलाची विद्या तीच, आकार तेवढा वेगळा. दरवर्षी निदान एक चांदणी पेटून जाई. म्हणून वडील कागद जास्तीचा आणीत. पुढे गावात वीज आली, आत दिवा आला आणि चांदणी पेटण्याची मौज संपली.

चर्चमधील नाटक हा आम्हा मुलांचा मुख्य दिवस. बेथलेहेमच्या मेंढपाळांसाठी घोंगड्या लागत. त्या गावाबाहेर उतरलेल्या धनगरांकडून मागून आणाव्या लागत, आणि धनगर त्या आनंदाने देत. त्या घोंगड्यांना मेंढरांचा खराखुरा वास असे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक फेटे बांधीत. हेरोद राजाचा मुकुट गावच्या जत्रेतील नाटकमंडळींकडून येई. तो मूळचा कंसाचा. तान्ह्या मुलांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही राजांना एकच मुकुट पुरे, यात गावाने काही विनोद केला होता असे नव्हे. दुसरा मुकुट नव्हता. परंतु आमच्या बालमनात हेरोद आणि कंस हे कायमचे मावसभाऊ होऊन बसले. एके वर्षी आम्हांस योसेफाची भूमिका मिळाली होती. आम्ही सारे संवाद विसरलो आणि आजीचे उपरणे सावरीत नुसते उभे राहिलो. योसेफ बायबलात एक शब्दही बोलत नाही, असे सांगून पाळकसाहेबांनी आमची समजूत घातली. पुढे शोध केला, ते खरे निघाले.

या नाटकात एका गोष्टीची तयारी करावी लागत नसे. मराठी बायबलात बाळ येशूला ‘गव्हाणीत’ ठेवले, असा शब्द आहे. गव्हाण म्हणजे काय, हे आम्हांस कोणी समजावून दिले नाही. ती घराच्या पडवीत होतीच. कडब्याचे तुकडे, बैलांची उष्ण श्वासाची वाफ, शेणाचा वास. आजी नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती झाडून घेई, तीत नवे गवत घाली आणि शेजारी पणती ठेवी. मूर्ती वगैरे काही नाही. मिशनच्या शिस्तीत मूर्तीला जागा नव्हती. रिकामी गव्हाण, गवत आणि पणती, एवढेच. बैलांना त्या रात्री गोड खाऊ म्हणून गुळाचा खडा मिळे. पोळ्याला मिळतो, मग यांच्याच घरात देव जन्मला तेव्हा का नको, असा तिचा सरळ हिशेब. आमच्या मुलांनी गव्हाण पाहिली ती दुकानातील, प्लॅस्टरची. आत गुलाबी बाळ, आणि भोवती मान वळवून पाहणाऱ्या परदेशी गाई.

चोवीस तारखेच्या मध्यरात्री चर्चची घंटा झाली की भजनी मंडळी निघे. पुढे गॅसबत्ती डोक्यावर घेतलेला मनुष्य, मागे मृदंग, झांजा, गळ्यात अडकविलेली पेटी. पहाटेपर्यंत घरोघर. प्रत्येक दारात एक पद व्हावयाचे, मग गुळाचा चहा. पदे अभंगाच्या, दिंडीच्या, साकीच्या चालींवर. शेवटच्या घराशी येईतो गाणाऱ्यांचे घसे बसलेले असत आणि केवळ मृदंगच काय तो सुरात असे. वाटेत एका वृद्ध वारकऱ्यांचे घर होते. त्यांचे घर आमच्या मंडळीचे नव्हे, तरी तेथे थांबल्यावाचून कोणी पुढे जात नसे. म्हातारबुवा कांबळे पांघरून, आपले टाळ घेऊन ओट्यावर तयार बसलेले असत. पद कोणाचे, देव कोणता, याची त्यांना फारशी फिकीर दिसत नसे. चाल ओळखीची असली की झाले.

आणि चाली ओळखीच्या होत्याच, कारण ज्यांनी त्या निवडल्या त्यांनी जाणूनबुजून निवडल्या होत्या. येथे थोडे थांबले पाहिजे. सुरुवातीच्या काळात मिशनमधील गायन म्हणजे इंग्रजी चालींवर बसविलेले मराठी शब्द. ऱ्हस्वदीर्घाची मोडतोड करून ते कसेबसे म्हटले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्यास प्रारंभ केला. पूर्वरंग, उत्तररंग, मध्येच पद, मध्येच आख्यान, हातात चिपळ्या, अशी ती सर्व सामग्री जुन्या हरिकीर्तनाची. ऐकणारे लोक तेच होते, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळातील कीर्तन बाहेर दूर बसून ऐकावे लागले होते. आता तेच कीर्तन त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये, त्यांच्यापैकीच एकाच्या तोंडून, त्यांना पुढे बसवून होऊ लागले. यापूर्वीच्या शंभर प्रवचनांनी जे झाले नसेल, ते या एका गोष्टीने झाले असावे.

पुढे नारायण वामन टिळक आले. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला हा कवी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो काय, नगरास येऊन राहतो काय, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचे सारे रूप पालटून टाकतो काय! त्यांची शंभरांवर गीते आजही मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. टिळकांचे कीर्तन आपल्या आईने नगरास ऐकले होते, असे आजी अभिमानाने सांगे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ च्या दरम्यान प्रसिद्ध झाली. ते पुस्तक आमच्या घरी पाटावर ठेवून मोठ्याने वाचले जाई आणि आजी हसून हसून डोळे पुशी. मात्र टिळकांवर बोलताना ती एक गोष्ट नेहमी जोडी. “टिळकांच्या आधीही आम्ही गातच होतो. आमची नावे पुस्तकात नाहीत, एवढेच.” जात्यावर बसून मरियेच्या डोहाळ्यांच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांची नावे खरोखरीच कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्या ओव्या आम्ही लिहून घेतल्या नाहीत. आजी १९८६ साली गेली आणि त्याही गेल्या. सरकारी नोकरीत आम्ही किती निरर्थक कागद जपून ठेवले, हे आठवले म्हणजे याची खंत अधिक वाटते.

ओवीची ही वाट आपणच प्रथम पाडली, असे नगरकरांस वाटत असले तर ते मात्र खरे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याने मराठी ओवीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या भाषेत त्याने ख्रिस्तजन्माची कथा सांगितली आणि मराठी भाषेची थोरवी गायिली, ती त्या ग्रंथातील फार गोड जागा आहे. पुढे पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली देशी भाषेवर बंदी घातली आणि हा ओघ आटला. नगरच्या आमच्या पूर्वजांना या ग्रंथाची वार्ताही नसणार. शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यात १९५६ साली देवनागरीत प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे तो सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. अडीचशे वर्षांच्या अंतराने, एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन मुलखांत, एका परदेशी पंडिताला आणि दळणाऱ्या बायांना ही कथा सांगावयास ओवीच सुचावी, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

या साऱ्याशी कलकत्त्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आम्हांस येथे आल्यावरच कळला. हावड्याहून लोकलने हुगळीच्या काठाकाठाने गेले की श्रीरामपूर लागते. १८०० साली तेथे स्थायिक झालेला विल्यम केरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकवी. मराठी मुलखात त्याने कधी पाऊल टाकले नाही. तरी त्याने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार छापला. यांपैकी कोश व नवा करार यांसाठी मोडी लिपीचे खिळे पाडले होते. आमच्या गव्हाणीची गोष्ट मराठी लिपीत प्रथम छापली गेली ती नगरास नव्हे, मुंबईस नव्हे, तर येथे हुगळीकाठी, आणि तीही मोडीत! केरीची मराठी थोडी अवघडच होती. मुंबईच्या मिशनरींनी पुढे आपले वेगळे भाषांतर केले. हे अमेरिकन मिशनरीसुद्धा १८१२ साली प्रथम कलकत्त्यासच उतरले होते. कंपनी सरकारने त्यांना निघून जाण्यास फर्माविले, म्हणून ते १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. पुढे १८७८ साली याच शहराने रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली निघाले. आजीच्या उशाशी असे ते हेच.

आता ताटांविषयी. नाताळच्या सकाळी चर्चला जाण्यापूर्वी आम्हा मुलांच्या हाती ताटे दिली जात. चर्चमध्ये धान्य, अंडी, कोंबडी असे दान येई आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. वडिलांनी एकदा आमचाच कोंबडा चढ्या बोलीने परत विकत घेतला होता, कारण धाकटी बहीण रडून ऐकेना. परंतु त्याआधी ताटे. प्रत्येक ताटात पाच करंज्या, दोन लाडू, शंकरपाळे, चिवडा आणि वर क्रोशाने विणलेला रुमाल. अकरा-बारा घरे ठरलेली होती. त्यांत कुंभार, सुतार, तांबोळी, वारकरीबुवा असे सर्व होते. आजीचा दंडक असा की, आपल्याकडे आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालावयाची. गावही तो दंडक पाळी. आम्ही परत येत असू तेव्हा ताटात कोठे बोरे, कोठे हुरडा, कोठे खडीसाखर असे.

एका घरचे ताट मात्र वेगळे असे. वरच्या आळीला एक मोठा वाडा होता. तेथे करंज्या जात नसत. गुळाची ढेप, खोबऱ्याच्या वाट्या आणि पसाभर गहू, एवढेच त्या ताटात असे. दिवाळीला त्या वाड्याकडून आमच्याकडेही असाच शिधा येई. “त्या घरी कोरडे जाते,” एवढेच आजी सांगे. आम्हांस वाटे, मोठे लोक, त्यांना तळलेले मानवत नसेल. वाड्यातली मुले आजोबांच्या हाताखाली शिकली होती आणि रस्त्यात भेटली की आजीला वाकून नमस्कार करीत, हेही आम्ही पाहिलेले होते. ‘कोरडे’ या शब्दाचा अर्थ ज्या वयात कळला, त्या वयात आजी विचारण्यास उरली नव्हती.

आजोबांच्या मागे एक जमाखर्चाची वही राहिली होती. ती मोडीत आहे. घरात कोणास ती वाचता येत नसे. आजोबांची पदे त्यात असावीत, अशी आमची समजूत होती, आणि बदल्यांच्या सामानाबरोबर ती गावोगाव हिंडत होती. २००३ साली मंडळाच्या एका बैठकीत सहज विषय निघाला. आम्हांस ‘मराठी की ख्रिस्ती’ असे विचारणारे तेच वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मोडी मला येते. आणा की.” तोवर त्यांचा आमचा परिचय बराच वाढला होता. आमच्या मुलास ते रविवारी गणित शिकवीत.

वही उघडली तेव्हा पदे वगैरे काही निघाली नाहीत. निघाला तो १९४३ सालच्या डिसेंबरचा खर्च. गृहस्थ भिंग धरून एकेक ओळ वाचीत होते आणि आम्ही लिहून घेत होतो. गूळ चार शेर. खोबरे. रवा. रंगीत कागद. गॅसबत्तीची जाळी. भजनमंडळीस चहा. धनगरांच्या घोंगड्या परत केल्या, मोजून सहा. त्याखाली ‘ताटे’ असे लिहून घरांची यादी होती. कुंभार, ओले. सुतार, ओले. तांबोळी, ओले. बुवा, ओले. गृहस्थ एका लयीत वाचीत चालले होते. शेवटच्या ओळीशी ते थांबले. आम्हांस वाटले, अक्षर लागत नसेल. त्यांनी भिंग खाली ठेवले, चष्मा पुसला आणि मग ती ओळ वाचली. वरचा वाडा, कोरडे.

दोघेही काही वेळ बोललो नाही. ते मूळचे कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, हे आम्ही कधी विचारले नव्हते, आणि त्याही दिवशी विचारले नाही. वहीचे पान त्यांनी हलकेच मिटले.

“यंदा नाताळला आमच्याकडे ताट येऊ द्या,” निघताना ते म्हणाले. “करंज्यांचे.”

त्या वर्षी ते ताट घेऊन आमचा मुलगा गेला. परत आला तेव्हा रुमालाखाली खडीसाखर होती.